पावसातला शिकारी

पावसाळ्यात सलग चार दिवस ऊन दिसलं नाही की आपली चिडचिड सुरू होते. कपडे वाळत नाहीत, बुटांना वास येतो, बाहेर पडायचं जिवावर येतं. आता विचार करा, १०६ दिवसांचा मुक्काम आणि त्यात पावसाविना गेलेले दिवस फक्त १२. रेनकोट हा प्रकारच नाही. अंगावर कातड्याचे कपडे, तेही ओले राहून राहून कुजलेले. तरी रोज सकाळी कुणीतरी उठून जंगलात जायचंच, कारण त्याने काही मारून आणलं तरच ३३ जणांच्या पोटात काही पडणार.

अशा सकाळी जाणाऱ्यांमध्ये सगळ्यात भरवशाचा माणूस होता जॉर्ज ड्रुयार. लुईस आणि क्लार्क या दोन कप्तानांची मोहीम अमेरिकेतली शाळकरी मुलंही सांगू शकतात. मोहिमेला नाव कप्तानांचं मिळालं, पण तिला जगवलं या शिकाऱ्याने.

सैनिक नसलेला माणूस

ड्रुयारचा जन्म १७७३ च्या सुमारास, आजच्या कॅनडाच्या हद्दीत, डेट्रॉइट नदीकाठी झाला. वडील फ्रेंच-कॅनेडियन, सरकारी दुभाषे. आई शॉनी या मूळनिवासी जमातीतली. घरातच दोन जगं, त्यामुळे फ्रेंच, इंग्रजी आणि शॉनी तर आलीच, शिवाय तो आणखी एक भाषा शिकला. हातांच्या खुणांची. मैदानी प्रदेशातल्या वेगवेगळ्या जमातींना एकमेकांची बोली येत नसे, तेव्हा ही खुणांची भाषा कामी यायची.

१८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना मिसुरी नदीने वर जाऊन थेट पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट हवी होती. कप्तान मेरिवेदर लुईस माणसं गोळा करत निघाला. नोव्हेंबर १८०३ मध्ये ओहायो नदीकाठच्या मॅसॅक किल्ल्यावर त्याला ड्रुयार भेटला. पगार ठरला महिन्याला २५ डॉलर. साध्या सैनिकाला तेव्हा ५ डॉलर मिळायचे! पाचपट पगार कशाचा, ते पुढे सगळ्यांना कळलंच.

गंमत म्हणजे या महागड्या माणसाचं आडनाव कप्तानांना कधी धड लिहिता आलं नाही. फ्रेंच स्पेलिंग त्यांच्या डोक्यावरून जायचं. कानाला आलं तसं लिहायचे.

ऑगस्ट १८०५ मध्ये रॉकी पर्वताच्या परिसरात शोशोनी लोकांशी पहिली गाठ पडली. तेव्हा लुईसबरोबर ड्रुयार होता. दुभाषी म्हणून प्रसिद्ध असलेली सॅकाजविया मागच्या होड्यांमध्ये होती. परक्यांवर विश्वास ठेवावा की नाही, या विचारात पडलेल्या लोकांशी ड्रुयार हातांच्या खुणांनी बोलला. काही दिवसांतच त्याने एक हरीण मारलं. शोशोनी इतके भुकेले होते की त्यांनी ते शिजवायचीही वाट पाहिली नाही. मोहिमेला पर्वत ओलांडायला घोडे हवे होते आणि ते याच लोकांकडून मिळाले.

१२ कोरडे दिवस

नोव्हेंबर १८०५ मध्ये मंडळी कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचली. समोर समुद्र आणि वर न थांबणारा पाऊस. हिवाळा काढायचा कुठे? स्थानिक लोकांकडून कळलं की नदीच्या दक्षिणेला एल्क भरपूर आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगं जनावर. मांस जास्त, कातडं जाड. जागा तिथेच ठरली. आजच्या ओरेगन राज्यात, अॅस्टोरिया शहराजवळ त्यांनी लाकडी ओंडक्यांचा छोटासा किल्ला बांधला आणि शेजारच्या क्लॅटसॉप लोकांवरून त्याला नाव दिलं फोर्ट क्लॅटसॉप.

तिथे थंडी होती, पण मांस टिकवणारी कडक थंडी नव्हती. हवा दमट, ऊन नाही. आज आणलेलं मांस चार दिवसांत वास मारू लागायचं. धुरावर वाळवायला गेलं तर लाकडंच ओली. मीठ करायला काही जणांना समुद्रकाठी पाठवलं होतं, ते दिवसरात्र समुद्राचं पाणी आटवत बसायचे. त्या वर्षीच्या ख्रिसमसला सगळ्यांच्या पानात काय होतं? खराब झालेलं एल्कचं मांस, खराब झालेले मासे आणि थोडी कंदमुळं.

त्यामुळे एकदा मोठी शिकार केली आणि आठवडाभर निवांत बसलं, असं जमणारच नव्हतं. पुन्हा पुन्हा जावं लागायचं. दलदल तुडवायची, शिकार करायची आणि मग ते धूड तुकड्या-तुकड्याने पाठीवर वाहून आणायचं. १२ जानेवारी १८०६ ला ड्रुयार आणि एक साथीदार बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत एकट्या ड्रुयारने सात एल्क मारले होते. त्या दिवशी कप्तानांनी रोजनिशीत कबूलच करून टाकलं की हा शिकारी नसता तर आपलं काही खरं नव्हतं.

काळ्या शेपटीचं हरीण

एल्क कळपात असतो आणि आकाराने मोठा, त्यामुळे तुलनेने सोपा. त्याच जंगलात दुसरं एक जनावर होतं, जे शिकाऱ्याची खरी परीक्षा बघायचं. काळ्या शेपटीचं हरीण, ब्लॅकटेल.

हे हरीण दाट झाडीत राहतं. जोराचा पाऊस लागला की घनदाट सूचिपर्णी झाडांखाली जाऊन गप्प उभं राहतं. पाऊस उघडला की चरायला झाडीच्या कडेला येतं. म्हणजे शिकाऱ्याला तो मधला वेळ पकडायचा असतो. पाऊस इथे त्याचा मित्रही आहे. एरवी पायाखाली कडाडणारा पाचोळा भिजून गप्प होतो आणि टपटप आवाजात पावलं लपतात. पण तोच पाऊस मातीतले माग पुसून टाकतो, चार झाडांपलीकडचं दिसू देत नाही आणि ढगांमुळे दिशा कळत नाही. दोन-चार पावलं टाकायची, थांबायचं, बघायचं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. पुन्हा दोन-चार पावलं. अंगातून पाणी निथळत असताना हे तासन् तास करायचं.

आणि एवढं करून हरीण दिसलं तरी बंदूक उडेलच याची खात्री नाही. तेव्हाच्या बंदुकीत चकमकीचा दगड पोलादावर आपटायचा, ठिणगी पडायची आणि छोट्याशा खोबणीतली दारू पेटायची. त्या चिमूटभर दारूत ओल गेली की संपलं. नुसता खट्ट आवाज आणि हरीण पसार! म्हणून पावसात चालताना बंदुकीचा खटका सतत झाकून ठेवावा लागायचा. दारूचा मोठा साठा मात्र सुखरूप होता. लुईसने तो शिशाच्या बंद डब्यांत भरून आणला होता. डबा रिकामा झाला की तेच शिसं वितळवून गोळ्या करायच्या. भन्नाट आयडिया! फेब्रुवारी १८०६ मध्ये डबे तपासले, तेव्हा वाटेत पाण्यात पडलेल्या डब्यांमधलीही दारू कोरडी निघाली.

त्याच महिन्यात लुईसने या हरणाचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. ही वेगळीच जात आहे, किनाऱ्यालगतच सापडते, मांस मात्र फारसं चांगलं नाही, असं त्याचं मत. आज शास्त्रज्ञ ब्लॅकटेलला म्यूल डिअरची उपजात मानतात आणि तिच्या शास्त्रीय नावात कोलंबिया नदीचं नाव आहे. वर्णन करायला हरीण समोर यावं लागतं आणि ते समोर आणत होते भिजून परतणारे शिकारी. १ डिसेंबर ते २० मार्च या काळात त्यांनी १३१ एल्क आणि २० हरणं मारली, असा एका सार्जंटचा हिशेब आहे. १३१ विरुद्ध २०. हरीण हाती लागणं किती अवघड होतं, याचा थोडा अंदाज येतो. कातडंही वाया गेलं नाही. परतीच्या प्रवासासाठी त्यातून ३३८ जोड पादत्राणं शिवली गेली.

आज आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण ड्रुयारची शिकार मिरवण्यासाठी नव्हती. तो रिकाम्या हाताने आला तर सगळ्यांची चूल थंड.

एक गोळी आयुष्यभराची

सप्टेंबर १८०६ मध्ये मोहीम सेंट लुईसला परतली. कप्तान मोठे झाले, मानसन्मान मिळाले. ड्रुयार पुन्हा जंगलात गेला. १८०७ मध्ये मॅन्युएल लिसा या व्यापाऱ्याबरोबर बीव्हरच्या कातड्यांच्या धंद्यासाठी तो मिसुरी नदीने वर निघाला. वाटेत अँत्वान बिसोनेट नावाचा एक कामगार पळून गेला. लिसाने हुकूम दिला, जिवंत किंवा मेलेला, पण त्याला घेऊन या. ड्रुयारने त्याला शोधलं आणि गोळी झाडली. बिसोनेट जखमी झाला आणि पुढे दगावला.

१८०८ मध्ये सेंट लुईसला खटला चालला. हुकमाप्रमाणे वागला म्हणून ड्रुयार निर्दोष सुटला. तो स्वतः मात्र त्यातून सुटला नाही. नंतर बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्याला या प्रकाराचा किती त्रास होतोय ते कळवलं. आपण हे द्वेषाने केलं नाही, हे घरच्यांना कळावं, एवढीच त्याची धडपड होती. पावसात एका हरणासाठी तासन् तास थांबू शकणारा माणूस तिथे थांबू शकला नाही. गोष्ट सांगताना हा भाग गाळला तर ड्रुयार नुसता हिरो वाटेल आणि ते खोटं ठरेल.

रोजनिशी नसलेला

मे १८१० मध्ये तो मिसुरीच्या उगमाजवळ, थ्री फोर्क्सला होता. हा ब्लॅकफूट लोकांचा मुलूख, बाहेरच्यांनी येऊन तिथे बीव्हर पकडावेत हे त्यांना मान्य नव्हतं. शिवाय १८०६ च्या परतीच्या वाटेवर लुईसच्या तुकडीशी झालेल्या झटापटीत त्यांचे दोघे मारले गेले होते आणि त्या तुकडीत ड्रुयारही होता. लांब जाऊ नकोस असं सोबत्यांनी बजावलं होतं. तो गेला आणि परत आलाच नाही. सोबत्यांना मृतदेह सापडला, तो त्यांनी घाईघाईत पुरला. जागेवर काही खूण ठेवली नाही.

मी सध्या इंटर्न आहे. बातमीसाठी माहिती काढून आणणारा आणि बातमीवर नाव असणारा दरवेळी एकच नसतो, हे पहिल्याच महिन्यात कळलं. त्यामुळे मोहिमेच्या रोजनिश्यांबद्दल वाचताना माझं लक्ष ड्रुयारकडे गेलं. मोहिमेतल्या अनेकांनी रोजनिशी लिहिली, त्याने नाही. त्याचं चित्रही कुणी काढून ठेवलं नाही. मात्र १८०८ मध्ये त्याने पश्चिमेकडच्या नद्यांची माहिती क्लार्कला दिली होती. १८१४ मध्ये क्लार्कचा प्रसिद्ध नकाशा छापून आला, त्यात ड्रुयारने पायी तुडवलेल्या त्या वाटांचा उपयोग झालेला आहे. नकाशा मात्र क्लार्कच्याच नावाने ओळखला जातो.