डब्याचा वाकडा काठ आणि मिझेस

भाईंदरच्या कारखान्यांत स्टीलच्या गोल चकतीतून डबा दाबून काढला, की काठ वरखाली येतो. तो कापावा लागतो. भंगार कारखानदाराच्या माथी! कारण लाटलेला पत्रा सर्व दिशांना सारखा ताणत नाही. म्हणून लाटण्याच्या दिशेने, आडव्या आणि ४५ अंशांत पट्ट्या कापून त्या यंत्रात ओढून तपासतात.

यामागच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक रिचर्ड फॉन मिझेस. जन्म १८८३, लेम्बर्ग (आजचे युक्रेनमधील ल्विव). ताण किती वाढला की धातू कायमचा आकार बदलतो, याचा निकष त्यांनी १९१३ मध्ये मांडला. अभियंते तो आजही वापरतात. मात्र त्यात धातू सर्व दिशांना सारखाच धरला होता. ही उणीव त्यांनीच १९२८ मध्ये, बर्लिनला प्राध्यापक असताना, स्फटिकांच्या अभ्यासात भरून काढली.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी विमान तयार करणारा हा माणूस ज्यू वंशाचा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांना जर्मनी सोडावी लागली. आधी इस्तंबूल, मग १९३९ मध्ये हार्वर्ड. लाटलेल्या पत्र्याला लागू पडणारा निकष १९४८ मध्ये इंग्लंडच्या रॉडनी हिल यांनी दिला. मिझेस १९५३ मध्ये बॉस्टनमध्ये वारले.