लहरी आभाळाचा सोबती : ल्यूक हॉवर्ड

लंडनच्या हवेला नावे ठेवणे हा खुद्द लंडनकरांचाच जुना विरंगुळा. त्यातून तिथला शरद ऋतू म्हणजे विचारूच नका! अटलांटिकवरून वादळी वारे एकामागून एक येत राहतात. सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन, संध्याकाळी पावसाची झोड. एखाद्या वर्षी १८ ऑक्टोबरच्या सुमारास, सेंट ल्यूकच्या सणाच्या आगेमागे, अचानक चार दिवस ऊब पडते. तिला तिथले लोक सेंट ल्यूकचा छोटा उन्हाळा म्हणतात. अशा बेभरवशाच्या हवेवर जन्मभर प्रेम करणारा एक माणूस त्याच शहरात होऊन गेला. योगायोग असा, की त्याचेही नाव ल्यूकच.

ल्यूक हॉवर्डचा जन्म २८ नोव्हेंबर १७७२ चा, ऐन पानगळीतला. घराणे क्वेकर पंथाचे. बर्फर्डच्या शाळेत त्याच्याकडून लॅटिन व्याकरण भरपूर घोकून घेतले गेले. १७८३ साली आइसलंडमधील लाकी ज्वालामुखीच्या धुरकटाने साऱ्या युरोपचे आकाश विचित्र दिसू लागले, त्याच ऑगस्टमध्ये एक प्रचंड उल्का इंग्लंडवरून गेली. दहा वर्षांच्या ल्यूकची नजर तेव्हापासून जी वर लागली, ती लागलीच.

पोटासाठी त्याने औषधांचा आणि रसायनांचा धंदा केला. हवामानशास्त्राची कोणतीही पदवी त्याच्यापाशी नव्हती. पण डिसेंबर १८०२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, मित्रांच्या एका अभ्यासमंडळात त्याने ढगांवर निबंध वाचला. क्षणाक्षणाला रूप पालटणाऱ्या वस्तूला नाव देऊन उपयोग काय, असेच तोवर बहुतेकांना वाटे. हॉवर्डने दाखवून दिले, की ढग हजार असले तरी त्यांच्या जाती मोजक्या. पिंजलेल्या केसांसारखा तो सिरस, राशीसारखा क्युम्युलस, थरासारखा स्ट्रेटस आणि पाऊस देणारा निंबस. शिवाय एक जात दुसरीत कशी मिसळते, हेही त्याने मांडले. शाळेतले ते घोकलेले लॅटिन असे कामी आले! फ्रान्समध्ये लामार्कनेही १८०२ मध्येच ढगांना फ्रेंच नावे दिली होती. ती मागे पडली, हॉवर्डची टिकली. महाकवी गटेने तर त्याच्या सन्मानार्थ काव्य रचले.

मला मात्र हॉवर्डचे खरे मोठेपण त्याच्या नोंदवह्यांत दिसते. वारा, दाब, पाऊस, उष्णतामान यांची वर्षानुवर्षे टिपणे ठेवून त्याने लंडनच्या हवामानावर १८१८ व १८२० साली दोन खंड प्रसिद्ध केले. १८३३ च्या आवृत्तीत त्यांचे तीन झाले. त्यात त्याने दाखवले, की रात्री लंडन शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार असते. दाट वस्ती आणि घरोघरच्या शेगड्या शहराची हवाच बदलतात, हे त्याने इतक्या आधी ताडले. आज आपली शहरे तापत असताना त्या आकड्याची आठवण व्हायलाच हवी.

उद्या काय होईल, याचे भाकीत त्याला कधीच नेमके करता आले नाही. तरीही आभाळाच्या लहरीपणाचा त्याने राग धरला नाही. कळत नाही म्हणून मान फिरवण्याऐवजी तो रोज पाहत राहिला. आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी विज्ञान आपले नव्हे म्हणून सहज बाजूला होतो; हॉवर्डचे चरित्र वाचल्यावर ही सबब मला तरी लंगडी वाटू लागली. आवड आणि चिकाटी असली, तर आपल्या गावचे आभाळ कुणालाही अभ्यासता येते.

१८६४ साली, ९१ व्या वर्षी, लंडनजवळच्या टॉटनहॅम येथे तो वारला. त्याच्या तिथल्या घरावर आज ढगांचे नामकरण करणारा म्हणून त्याची पाटी आहे. आपल्याकडे आश्विनातल्या दुपारी काळेभोर ढग चढू लागले, की वेधशाळा त्यांना क्युम्युलोनिंबस म्हणते. त्या नावातले दोन्ही शब्द त्या लंडनच्या औषधवाल्याचेच आहेत.