विमान झालं, जहाज झालं, पण मोटारीच्या कारखान्यासाठी वालचंद शेठना १० वर्षं थांबावं लागलं

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निघून गेली. त्या दिवशी सोशल मीडियावर तिच्या फोटोंचा पूर आला होता. पण ही गाडी जिथून बाहेर पडायची तो कुर्ल्याचा कारखाना उभा करायला एका सोलापूरकराला किती खेटे घालावे लागले, हे फार जणांना ठाऊक नाही.

त्यांचं नाव वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदांचं मन त्यात रमेना. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांना सोबत घेऊन त्यांनी बार्शी लाईट रेल्वेची कंत्राटं घेतली आणि तिथून गडी थांबलाच नाही. बोरघाटातले बोगदे, १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, मग रावळगावचा ऊस, वालचंदनगरचा साखर कारखाना. खिशात पैसे किती हे बघून उडी मारायचा त्यांचा स्वभावच नव्हता. आधी उडी, मग पैशांची जुळवाजुळव.

आता मोटारीकडे येऊ.

तेव्हा भारतात गाड्या मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत कारखाना टाकला होता, फोर्डही आली होती. पण तिथे गाडी बनत नव्हती, फक्त जोडली जायची. इंजिन, गिअर, सांगाडा सगळं पेट्यांत भरून बोटीने यायचं आणि इथले कामगार नट आवळायचे. फायद्याचा मोठा भाग परदेशात जायचा. शिवाय इंजिन ओतायचं कसं, गिअरचे दाते कापायचे कसे, हे ज्ञान तर इथे येतच नव्हतं.

सर विश्वेश्वरय्यांना नेमकं हेच खुपत होतं. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आले आणि त्यांनी भारतात मोटार बनवायची योजना तयार केली. अभियंता मिळाला, आता उद्योगपती हवा होता. तो वालचंदांच्या रूपात मिळाला.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. त्यांनी मदतीची तयारी दाखवली. पण आयात गाड्यांवर जकात किती लावायची हे दिल्लीच्या हातात होतं आणि दिल्लीतून संरक्षण मिळेना. नवा कारखाना पहिली काही वर्षं महागच गाडी काढणार. आयात गाडी स्वस्त राहिली तर त्याची गाडी घेणार कोण? त्यात १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. म्हैसूर संस्थान पुढे आलं, तर तिथेही वरून खोडा बसला.

वालचंद मात्र १९३९ मध्ये थेट अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी बोलणी पुढे सरकली आणि १९४० मध्ये करार झाला.

याच प्रवासात एक भन्नाट गोष्ट घडली. परत येताना विमानात त्यांना विल्यम पॉली भेटले. हे गृहस्थ चीनमध्ये विमानं बनवण्याच्या धंद्यात होते. गप्पा रंगल्या आणि मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन घरी आले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली, आजची एचएएल. १९४१ मध्ये तिथलं पहिलं विमान उडालंसुद्धा. त्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

गंमत बघा. विमानाचा कारखाना सरकारला चालला, कारण महायुद्धात विमानं हवी होती. मोटारीचा कारखाना मात्र युद्धाच्या कामाचा नाही म्हणून अडवून ठेवला. सैन्याला ट्रक लागत नव्हते काय? लागत होते, पण ते बाहेरून येत होते. युद्ध संपल्यावरही भारत गाड्या विकायची बाजारपेठच राहावी, असाच हिशोब यामागे दिसतो.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीनेच झाली. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही मैदानात उतरली होती.

पण मुख्य अडचण पुढेच होती. १९५०-५१ मध्ये अख्ख्या देशात कार आणि ट्रक-बस धरून साधारण १६,५०० गाड्या तयार झाल्या. मोटार कारखान्यात साचे आणि यंत्रं यांवर आधीच प्रचंड पैसा ओतावा लागतो. तो खर्च लाखभर गाड्यांवर वाटला गेला तर गाडी स्वस्त पडते. इथे हजारांतल्या आकड्यासाठी कंपन्या भांडत होत्या आणि प्रत्येकीची मॉडेलं निराळी.

१९५३ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवलं की ज्यांना इथे टप्प्याटप्प्याने गाडी बनवायची नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. वालचंदांना हवं असलेलं संरक्षण अखेर मिळालं.

ते बघायला वालचंद मात्र उरले नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामकाज सोडलं आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी कुर्ल्यातून फियाट ११०० आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. संरक्षणासोबत लायसन्स राजही आलं. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, स्पर्धा नाही, नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबणार. वालचंदांनी मागितली होती ती पायावर उभं राहण्यापुरती मदत. ही कुबडी मात्र कायमची झाली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि प्रीमियरच्या उताराला सुरुवात झाली. २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं.

२०२२ मध्ये गाड्यांच्या विक्रीत भारताने जपानला मागे टाकलं आणि चीन, अमेरिकेनंतर तिसरा नंबर लावला. आता वर्षाला ४० लाखांहून जास्त कार इथे खपतात. कुर्ल्यातल्या त्या कारखान्याच्या जागेवर टोलेजंग इमारती उभ्या आहेत. बाजूच्या रस्त्याला मात्र लोक अजून प्रीमियर रोडच म्हणतात.