पाब्लो एस्कोबार : एका काळ्या साम्राज्याचा उदय आणि अस्त

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात २०१२ च्या मे महिन्यात काराकोल वाहिनीवर एका मालिकेचे प्रसारण सुरू झाले. तिचे नाव होते 'एस्कोबार, एल पात्रोन देल माल', म्हणजेच 'एस्कोबार, पापाचा धनी'. कोकेनच्या तस्करीतून अफाट संपत्ती मिळविणाऱ्या आणि एका देशाला वेठीस धरणाऱ्या पाब्लो एस्कोबारचा उदय आणि अस्त हा या मालिकेचा विषय होता. आंद्रेस पारा या अभिनेत्याने एस्कोबारची भूमिका केली होती. मालिकेचे दोन निर्माते मात्र या कथेला परके नव्हते. कामिलो कानो यांचे वडील एका वृत्तपत्राचे संपादक होते आणि एस्कोबारच्या मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली होती. हुआना उरिबे यांच्या आईला एस्कोबारच्या टोळीने सहा महिन्यांहून अधिक काळ ओलीस ठेवले होते.

तीन वर्षांनंतर, ऑगस्ट २०१५ मध्ये 'नार्कोस' ही मालिका आली आणि एस्कोबारचे नाव भारतासह जगभर घरोघरी पोहोचले. ब्राझीलचे अभिनेते वॅग्नर मौरा यांनी त्यात एस्कोबार साकारला. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या नजरेतून सांगितलेली ही कथा प्रामुख्याने पाठलागाची आहे. प्रत्यक्षात एस्कोबारच्या अस्ताची सुरुवात बंदुकीच्या गोळीने झाली नाही. ती झाली वृत्तपत्राच्या एका पानाने.

पाब्लो एमिलिओ एस्कोबार गाविरिया याचा जन्म १ डिसेंबर १९४९ रोजी अँटिओकिया प्रांतातील रिओनेग्रो येथे झाला. वडील शेतकरी, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांमध्ये तो तिसरा. मेडेलिन शहरालगतच्या एन्विगादो गावात त्याचे बालपण गेले. तरुण वयातच तो मोटारींच्या चोरीत आणि सिगारेटसारख्या मालाच्या चोरट्या व्यापारात शिरला. चोरट्या व्यापाराच्या वाटा, लाच घेणारे अधिकारी आणि जिवावर उदार झालेली बेकार पोरे यांची ओळख त्याला याच काळात झाली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत कोकेनची मागणी झपाट्याने वाढू लागली. कोकाची पाने मुख्यत्वे पेरू आणि बोलिव्हियात पिकत. त्यांचा अर्धवट तयार माल कोलंबियात आणून जंगलातील प्रयोगशाळांत त्याचे कोकेन बनवायचे आणि लहान विमानांतून फ्लोरिडाकडे पाठवायचे, असा हा धंदा होता. एस्कोबारने त्यात उडी घेतली. १९७६ मध्ये कोकेनच्या साठ्यासह त्याला अटक झाली. परंतु खटला उभा राहिला नाही आणि तो सुटला. त्या अटकेची बातमी छायाचित्रासह वृत्तपत्रात आली आणि विसरली गेली. हीच बातमी पुढे त्याच्या वाटेत आडवी येणार होती.

ओचोआ बंधू, गोन्झालो रॉद्रिगेझ गाचा आणि कार्लोस लेहडर यांच्यासह एस्कोबारने जी टोळी उभी केली, ती मेडेलिन कार्टेल या नावाने कुप्रसिद्ध झाली. पैशाला गणती उरली नाही. १९८७ मध्ये फोर्ब्स मासिकाने जगातील अब्जाधीशांच्या यादीत एस्कोबारचा समावेश केला. 'हासिएंदा नापोलेस' या आपल्या विस्तीर्ण जमीनदारीवर त्याने खासगी प्राणिसंग्रहालय उभारले. मेडेलिनच्या उकिरड्याजवळ राहणाऱ्या गरिबांसाठी त्याने चारशेहून अधिक घरे बांधली आणि झोपडवस्त्यांत फुटबॉलच्या मैदानांवर दिवे लावले. त्या घरांत राहायला गेलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने तो देवमाणूस ठरला. या दानाची किंमत दुसरी कुटुंबे मोजत होती, हे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही.

संपत्तीनंतर त्याला प्रतिष्ठा हवी होती. लुईस कार्लोस गालान यांच्या सुधारणावादी 'नव्या उदारमतवादी' चळवळीत त्याने प्रवेश मिळविला होता. परंतु त्याच्या पैशाचा उगम लक्षात येताच गालान यांनी मेडेलिनमध्ये जाहीरपणे त्याला दूर केले. एस्कोबारने दुसऱ्या गटाचा आधार घेतला आणि १९८२ मध्ये तो कोलंबियाच्या कनिष्ठ सभागृहात पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला. पर्यायी सदस्य म्हणजे मूळ सदस्य गैरहजर असताना त्याच्या जागी बसणारा प्रतिनिधी. या पदाबरोबर त्याला अटकेपासून संरक्षणही मिळाले.

ऑगस्ट १९८३ मध्ये गालान यांचे सहकारी रॉद्रिगो लारा बोनिया न्यायमंत्री झाले. राजकारणातील काळ्या पैशाविरुद्ध त्यांनी आवाज उठविताच त्यांनी स्वतःच एका तस्कराकडून धनादेश घेतल्याचा आरोप एस्कोबारच्या गटाने सभागृहात केला. हा डाव मंत्र्यांना संपविण्यासाठी होता. याच सुमारास बोगोटा येथील 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकाचे संपादक गिलेर्मो कानो यांना या नव्या लोकप्रतिनिधीचा चेहरा ओळखीचा वाटला. त्यांनी दैनिकाचे जुने अंक धुंडाळले आणि १९७६ ची ती बातमी त्यांच्या हाती लागली. २५ ऑगस्ट १९८३ रोजी ती पुन्हा प्रसिद्ध झाली. त्या दिवशी मेडेलिनमधील अंक एस्कोबारच्या माणसांनी मिळेल तेथून विकत घेतल्याचे सांगितले जाते. पण बातमी देशभर पोहोचली होती.

परिणाम तातडीने दिसू लागले. सभागृहाने त्याचे संरक्षण काढून घेतले आणि जानेवारी १९८४ मध्ये त्याने राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. दोन महिन्यांनी पोलिसांनी काकेता प्रांताच्या जंगलातील 'त्रांकिलांदिया' या प्रचंड प्रयोगशाळेवर छापा घालून तेरा टनांहून अधिक कोकेन नष्ट केले. ३० एप्रिल १९८४ रोजी बोगोटाच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी लारा बोनिया यांना गोळ्या घातल्या. मंत्र्यांचे वय अवघे ३७ होते.

या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकुर यांनी तस्करांना अमेरिकेच्या स्वाधीन करण्यास मान्यता दिली. एस्कोबारला खरी भीती वाटली ती याच गोष्टीची. मायदेशात न्यायाधीश धमकावता येत, पहारेकरी विकत घेता येत. अमेरिकी न्यायालयापुढे यांपैकी काहीच चालणार नव्हते. फेब्रुवारी १९८७ मध्ये कार्लोस लेहडर याला अमेरिकेकडे सोपविण्यात आले आणि पुढील वर्षी त्याला जन्मठेपेसह आणखी १३५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा ही भीती किती खरी होती हे दिसून आले.

तस्करांनी राज्यसत्तेविरुद्ध उघड युद्ध पुकारले. न्यायाधीश, पोलीस आणि पत्रकार एकामागून एक बळी पडू लागले. गिलेर्मो कानो यांनी आपले लेखन थांबविले नाही. १७ डिसेंबर १९८६ रोजी सायंकाळी कचेरीतून घरी निघालेले असताना दैनिकाच्या इमारतीसमोरच त्यांची हत्या करण्यात आली. सप्टेंबर १९८९ मध्ये बॉम्बस्फोटाने ही इमारतही उद्ध्वस्त झाली. दुसऱ्या दिवशीचा अंक तरीही निघाला.

त्यापूर्वी १८ ऑगस्ट १९८९ रोजी अध्यक्षपदाच्या शर्यतीत आघाडीवर असलेले गालान सोआचा येथील सभेच्या व्यासपीठावर गोळीबारात ठार झाले. हुआना उरिबे यांच्या मावशीचे ते पती होते. २७ नोव्हेंबर रोजी आव्हिआंका कंपनीचे प्रवासी विमान आकाशात स्फोटाने उडविण्यात आले. विमानातील सर्व १०७ जण आणि जमिनीवरील तिघे त्यात मृत्युमुखी पडले. गालान यांच्या जागी उमेदवार झालेले सेसार गाविरिया हे त्या हल्ल्याचे लक्ष्य होते. ते त्या विमानात नव्हतेच. मेडेलिनमध्ये पोलिसांच्या जिवावर बक्षिसे लावली गेली. १९९१ या एका वर्षात त्या शहरात सहा हजारांहून अधिक खून झाले. मरणारे आणि मारणारे बहुतेक तरुण होते आणि अनेकदा ते एकाच वस्तीतील असत.

१९९० मध्ये एस्कोबारने नामवंत घराण्यांतील पत्रकारांचे अपहरण सुरू केले. हुआना यांच्या मातोश्री मारुहा पाचोन यांचा त्यांत समावेश होता. माजी राष्ट्राध्यक्षांच्या कन्या दियाना तुर्बाय सुटकेच्या मोहिमेत प्राणास मुकल्या. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९९६ मध्ये या अपहरणांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

थकलेल्या देशाने अखेर तडजोड केली. १९ जून १९९१ रोजी घटना समितीने कोलंबियाच्या जन्मजात नागरिकांना परदेशाच्या स्वाधीन करण्यास बंदी घातली आणि त्याच दिवशी एस्कोबार शरण आला. त्याच्यासाठी एन्विगादोच्या डोंगरावर उभारलेला 'ला कातेद्राल' हा तुरुंग नावापुरताच तुरुंग होता. पहारेकरी त्याच्या मर्जीतले होते आणि धंदा तेथूनच चालत असे. आपल्याच साथीदारांना त्याने त्या आवारात ठार करविल्याचे उघड झाल्यावर सरकारने त्याला हलविण्याचे ठरविले. २२ जुलै १९९२ रोजी तो निसटला.

पुढील सोळा महिने त्याचा शोध चालला. पोलिसांचे विशेष पथक, अमेरिकेची तांत्रिक मदत आणि 'लोस पेपेस' ही त्याच्या शत्रूंची टोळी असे तीन फास त्याच्याभोवती आवळत गेले. या टोळीला प्रतिस्पर्धी काली कार्टेलचा पैसा होता आणि तिच्या हातूनही अनेक खून पडले. कायद्याचे रक्षण करताना कायद्याबाहेरच्यांची मदत झाली, हा डाग त्या विजयावर कायमचा राहिला.

एस्कोबारचा शेवट मुलाशी केलेल्या दूरध्वनीमुळे झाला. तो नेहमी बोलणे थोडक्यात आटोपत असे. त्या दिवशी लांबले. २ डिसेंबर १९९३ रोजी, ४४ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, मेडेलिनमधील एका घराच्या कौलांवरून पळताना तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली होती.

त्याच्या मृत्यूने धंदा संपला नाही. सूत्रे कालीच्या हाती गेली. १९९५ मध्ये त्या टोळीचे प्रमुखही पकडले गेले आणि १९९७ मध्ये घटनेतील बंदी उठली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये कोलंबियात सुमारे २ लाख ५३ हजार हेक्टरांवर कोकाची लागवड होती. नापोलेसच्या प्राणिसंग्रहालयातील पाणघोड्यांची प्रजा नद्यांत पसरली असून त्यांपैकी ६० प्राणी गुजरातमध्ये पाठविण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडण्यात आला होता.

मेडेलिन शहराने मात्र आपल्या परीने उत्तर दिले आहे. एस्कोबारचे कुटुंब जेथे राहत असे ती 'मोनाको' इमारत पर्यटकांचे आकर्षण बनली होती. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी ती सुरुंगाने पाडण्यात आली आणि त्या जागी १९८३ ते १९९४ या काळातील ४६ हजारांहून अधिक बळींचे स्मारक उभारले गेले. एस्कोबारच्या मुलाने वडिलांचे आडनाव टाकले. २००९ च्या एका माहितीपटात तो लारा बोनिया आणि गालान यांच्या मुलांसमोर क्षमा मागताना दिसतो.

गिलेर्मो कानो यांच्या नावाने युनेस्को १९९७ पासून वृत्तपत्र स्वातंत्र्याचा जागतिक पुरस्कार देत आहे. पडद्यावर एस्कोबारची कथा पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असते. दप्तरातील एक जुनी बातमी शोधून ती पुन्हा छापणारे आणि त्यासाठी प्राण देणारे ते संपादक होते.