विज्ञानाचार्य जगदीशचंद्र बोस

आमच्या विज्ञान-मंडळात आम्ही विद्यार्थ्यांनी एक स्फटिक-रेडिओ तयार केला. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, गच्चीवर ताणून बांधलेली एरियलची तार, जमिनीत पुरलेल्या लोखंडी सळईला जोडलेली दुसरी तार, गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा आणि कानाला लावावयाचा हेडफोन, एवढेच काय ते साहित्य. बॅटरी नाही की विजेचे बटण नाही. तरीही खड्यावर बारीक तारेचे टोक नेमक्या जागी टेकताच क्षीण आवाज कानी आला, आणि आमचा आनंद गगनात मावेना. विद्युत्-लहरी टिपण्याच्या कामी हा खडा प्रथम कोणी योजला, असे आम्ही गुरुजींना विचारले, तेव्हा जे नाव कळले ते आपल्याच देशातील निघाले. त्या थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे, अशी आमची इच्छा आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरांतील मुले इंग्रजी शाळेत जात. परंतु भगवानचंद्रांनी आपल्या मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. मायबोली पक्की झाल्यावाचून परभाषा शिकू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. तेथे कोळ्याचा आणि शिपायाचा मुलगा जगदीशच्या शेजारी बसत. त्यांच्या तोंडून नदीतील माशांच्या व रानातील प्राण्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याच्या मनात सृष्टीविषयीचे कुतूहल जागे झाले.

पुढे कलकत्त्यास सेंट झेवियर्समध्ये व नंतर इंग्लंडात केंब्रिज येथे शिक्षण पुरे करून ते १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले. तेथे इंग्रज अध्यापकांच्या मानाने हिंदी अध्यापकांस कमी वेतन मिळे. हा अन्याय जगदीशचंद्रांस सहन झाला नाही. त्यांनी भांडण केले नाही की नोकरीही सोडली नाही. पूर्ण मन लावून शिकविले, मात्र तीन वर्षे वेतनाला स्पर्श केला नाही. घरची ओढग्रस्त होती, वडिलांवर कर्ज होते. अखेर सरकारने नमते घेऊन मागील सर्व वेतन पूर्ण दराने दिले, आणि त्यातून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

१८९४ साली त्यांनी संशोधनास आरंभ केला. जवळ प्रयोगशाळा नव्हती. होती ती उणीपुरी २४ चौरस फुटांची एक खोली आणि पत्र्याचे काम करणारा एक देशी कारागीर. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वीच विद्युत्-लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. परंतु लहर जितकी लांब, तितकी ती पाठविण्याची व झेलण्याची साधने मोठी लागतात. हर्ट्झ यांच्या लहरी लांब असल्याने त्यांचा डांबराचा लोलक अर्ध्या टनाहून अधिक वजनाचा होता. एवढा पसारा त्या खोलीत मावणार कसा? जगदीशचंद्रांनी लहरच लहान केली! अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या, आणि सारी उपकरणे एका मेजावर मावू लागली. जागेची अडचण त्यांनी अशी उपकारक करून घेतली.

ती उपकरणे तरी कशाची? लहरी गोळा करण्यासाठी पसरट तोंडाचे धातूचे नरसाळे आणि त्या वळविण्यासाठी गंधकाचा लहानसा लोलक. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घालून त्यांनी लहरींची कंपने एकाच दिशेची करून दाखविली. तर पीळ दिलेल्या तागाच्या जुडीतून लहर गेली की तिच्या कंपनाची दिशा फिरते, हेही सिद्ध केले. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी सुमारे ७५ फुटांवरून, मधल्या भिंती ओलांडून, तारेवाचून घंटा वाजविली आणि दारू उडविली. त्या काळातील त्यांच्या एका प्रयोगात वीस फूट उंच खांबाच्या टोकाशी धातूची वाटोळी चकती बसविलेली होती. आमच्या गच्चीवरील एरियलचीच ती वडील बहीण म्हणावी! १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विद्वानांच्या सभेपुढे त्यांनी आपली उपकरणे मांडली, तेव्हा सर्वांनी माना डोलावल्या.

पुढे गॅलेनाच्या खड्याने लहरी टिपण्याची युक्ती त्यांनी शोधली. ज्ञानाची विक्री करावी, हे त्यांच्या मनास रुचत नसे. मित्रमंडळींच्या आग्रहावरून घेतलेले त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ साली मंजूर झाले, परंतु त्यापासून धन मिळविण्याच्या मागे ते लागले नाहीत. मार्कोनींनी बिनतारी संदेशाचा व्यवसाय जगभर उभारला. जगदीशचंद्रांस लहरींचा स्वभाव जाणून घ्यावयाचा होता. दोघांच्या वाटाच वेगळ्या होत्या. नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले आणि ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यास बोस संशोधन मंदिर स्थापन केले. १९२० साली रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे ते निवर्तले.

आज घराघरांवर दूरचित्रवाणीची तबकडी दिसते. तिच्यासमोर दांडीवर बसविलेल्या यंत्राच्या तोंडाशी तसलेच एक छोटे नरसाळे असते. इतक्या वर्षांनंतरही ती कल्पना जुनी झालेली नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळेत शिकल्याने आपली मुले मागे पडतील की काय, अशी शंका आमच्या घरांतूनही कधी कधी ऐकू येते. ती काळजी मायेपोटीच असते, हे आम्ही जाणतो. परंतु कोळ्याच्या मुलाशेजारी बसून मायबोलीत धुळाक्षरे गिरविणाऱ्या त्या मुलाने पुढे लंडनच्या सभेत शास्त्र सांगितले, आणि १९२१ साली 'अव्यक्त' हा ग्रंथ लिहून तेच ज्ञान आपल्या बंगालीतही आणले. साधने थोडी आहेत, खोली लहान आहे, म्हणून हात बांधून बसण्याचे आम्हांस आता कारण उरलेले नाही. आमचा स्फटिक-रेडिओ अजून फार हळू बोलतो. पुढील वर्षी त्याची एरियल आणखी उंच बांधण्याचे आम्ही ठरविले आहे.