सात मोटारींचा धनी

आठवड्याचे वार सात, म्हणून दारात मोटारीही सात. जुहूला २५ खोल्यांचा बंगला. भगवानदादांच्या वैभवाचे हे वर्णन एव्हाना दंतकथेसारखे झाले आहे. पुढे बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्यावर हळहळण्याची आपल्याकडे रीतच आहे. माझी हयात बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली, त्यामुळे मला हळहळीच्या आधी हिशेब सुचतो.

भगवान आभाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. तेवढ्यापुरता आम्हा वैदर्भीयांना हक्क सांगायला हरकत नाही. वाढले मात्र मुंबईत. वडील गिरणी कामगार. दादांनीही मजुरी केली. मूकपटांच्या अखेरच्या काळात लहानसहान कामे मिळू लागली आणि १९३८ साली चंद्रराव कदमांच्या जोडीने त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. त्यानंतर दहा-बारा वर्षे मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांचा धडाका. कपडे ठरवण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत सगळीकडे दादांचे लक्ष. कमी पैशात चित्रपट पुरा करण्याची विद्या त्यांनी इथे कमावली. मधेच १९४१ मध्ये तमिळमध्ये ‘वनमोहिनी’ही करून आले! यातले बहुतेक चित्रपट पुढे आगीत नष्ट झाले.

या काळातली एक घटना मात्र टाळून पुढे जाता येत नाही. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दादांनी ललिता पवारांना मारायची थप्पड खरोखरीच जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. कित्येक वर्षे उपचार चालले आणि एका नायिकेची पुढे खाष्ट सासू झाली. ललिताबाईंनी त्या अधू डोळ्याचेही सोने केले, हा त्यांचा मोठेपणा. दादांच्या खात्यावर ती नोंद राहिलीच.

दरम्यान जागृती पिक्चर्स ही संस्था निघाली, चेंबूरला स्टुडिओ उभा राहिला. राज कपूरने सल्ला दिला की, मारधाड पुरे, आता सामाजिक चित्रपट काढा. दादांनी जवळचे होते ते सगळे त्यात घातले. १९५१ चा ‘अलबेला’ तो हाच.

समजा, या चित्रपटाच्या कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर? नायक ३८ वर्षांचा, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा. निर्माता, दिग्दर्शक, नायक तिन्ही एकच माणूस, म्हणजे तो आजारी पडला की सगळे ठप्प. सामाजिक चित्रपटाचा अनुभव शून्य. जमेची बाजू दोनच: नायिका गीता बाली आणि संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. मी नामंजुरीचा शेरा मारला असता. आणि चित्रपट तर तुफान चालला! घरातून बाहेर पडून रंगभूमीवर नाव काढणारा प्यारेलाल लोकांना आपला वाटला. सी. रामचंद्रांनी ‘चितळकर’ या नावाने स्वतःच दादांसाठी गळा दिला, लताबाई जोडीला, बोंगोचा ठेका. दादांचे नाचणे म्हणजे काय, तर खांदे, कंबर आणि दोन पावलांची हालचाल. न शिकलेल्या माणसालाही जमावे असे. पुढे अमिताभने तेच उचलले.

कुरखेड्याच्या शाखेत असताना मी ते पडद्याबाहेरही पाहिले आहे. वरातीत बॅण्डने ‘अलबेला’तली चाल धरली की, दिवसभर बांधावर वाकणारी माणसे कोपर मुडपून खांदे उडवू लागत. झाडीपट्टी म्हणजे दंडारीचा मुलूख, नाच इथल्या अंगातच. तरी तो नाच दादांचाच, हे लांबून कळे.

‘झमेला’, ‘लाबेला’ आले, पण ‘अलबेला’ पुन्हा घडला नाही. मग ‘हंसते रहना’साठी दादांनी घर आणि बायकोचे दागिनेही गहाण टाकले. तो चित्रपट पुराच झाला नाही. पडलेल्या चित्रपटाचेही थोडेफार पैसे निघतात. अर्धवट चित्रपट म्हणजे डब्यात पडलेली नुसती फिल्म, तिला कोणी गिऱ्हाईक नाही. रोवणीच्या तोंडावर आमच्या शाखेत बाया गळ्यातले गहाण ठेवायला नवऱ्यामागे उभ्या राहत, त्यांचे चेहरे मला आठवतात. धान पिकले की दागिना सुटायचा. दादांच्या घरातला सुटला नाही. धाडसाचे कौतुक करताना त्या घरातल्या बाईला विचारले होते का, हा प्रश्न मला पडतोच.

पण नंतरची तीसेक वर्षे मला अधिक मोलाची वाटतात. एकेकाळचा स्टुडिओमालक दुसऱ्याच्या सेटवर हवालदार झाला, घोळक्यात नाचला. मिळेल ते काम केले. भेटीला येणारे जुने मित्र थोडेच, त्यांत सी. रामचंद्र आणि ओम प्रकाश होते. गीता बाली १९६५ मध्येच देवीच्या साथीने गेली होती, सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले.

दादा ४ फेब्रुवारी २००२ रोजी गेले, दादरच्याच घरात. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाईने त्यांची भूमिका केली. म्हातारपणीची एक गोष्ट मात्र दादरकर अजून सांगतात. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी थांबायची, बॅण्डवाले ‘अलबेला’ची चाल धरायचे आणि दादा खाली येऊन दोन पावले नाचायचे. मगच मिरवणूक पुढे सरकायची.