विश्लेषण : कर्ट कोबेनने ‘फसलेली’ गिटार का निवडली?

कर्ट कोबेनची एक जुनी अकूस्टिक गिटार जून २०२० मध्ये अमेरिकेतील लिलावात ६० लाख १० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे ४५ कोटी रुपयांना विकली गेली. तोवर कोणत्याही गिटारला एवढी किंमत मिळाली नव्हती. बाजारात मात्र हे मॉडेल कधीच फसले होते.

कोबेन कोण होता?

जन्म २० फेब्रुवारी १९६७, वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबर्डीनचा. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर तो नातेवाईकांच्या घरी फिरत राहिला. चौदाव्या वाढदिवशी मामाने त्याला जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली. १९८७ मध्ये क्रिस्ट नोव्होसेलिकसोबत त्याने ‘निर्वाणा’ बँड सुरू केला. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमने हा डावखुरा वादक जगभर पोहोचला. त्याची ओळख होती कर्कश, फाटलेल्या आवाजाची इलेक्ट्रिक गिटार.

अडचण काय होती?

१९९३ मध्ये एमटीव्हीने ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी बँडला बोलावले. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा सहसा पातळ असतात. आवाज पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल घडवतात. अकूस्टिकमध्ये लाकडी पेटीच सर्व काम करते. तारा जाड, आवाज लवकर विरणारा आणि बोटांची चूक लगेच कळणारी.

त्याने कोणती गिटार घेतली?

मार्टिन कंपनीची १९५९ ची डी-१८ई. साध्या डी-१८ गिटारवर कंपनीनेच दोन चुंबकीय पिकअप बसवून हे मॉडेल काढले होते. पिकअप आणि बटणांच्या ओझ्याने लाकडाचा नाद दबला. फक्त ३०२ गिटार बनवून कंपनीने उत्पादन थांबवले. कोबेनने ती डाव्या हातासाठी बदलून घेतली आणि नादछिद्रात आणखी एक पिकअप बसवला.

मग ती अकूस्टिक राहिली का?

अर्धीच. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये चित्रीकरण झाले, तेव्हा त्याला अ‍ॅम्प्लिफायर आणि पेडल हवेच होते. निर्मात्यांनी अ‍ॅम्प्लिफायर खोट्या खोक्याआड लपवला. डेव्हिड बोवीच्या ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’मध्ये तो फाटका सूर स्पष्ट ऐकू येतो. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे सर्वांत गाजलेले गाणे त्याने टाळले. १४ पैकी ६ गाणी इतरांची निवडली.

पुढे काय झाले?

पाच महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी कोबेनचा मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये त्या मैफिलीचा अल्बम आला आणि त्याला १९९६ मध्ये ग्रॅमी मिळाले.

यातून काय कळते?

दुकानात सर्वांत गोड वाजणारी अकूस्टिक प्रत्येकाच्या कामाची नसते. कोबेनने हातातली सवय आणि गाण्याची गरज पाहिली. आवाज खाली आणला, तरी सूर स्वतःचाच ठेवला.